दोन दिवस हरवलेला एन्क्रिप्टेड पेनड्राइव्ह: आतली माहिती कोणी वाचली असेल का?

समुपदेशक, परळ

नमस्कार. कौटुंबिक हिंसाचाराला तोंड देणाऱ्या स्त्रियांसाठी परळमध्ये एक छोटे समुपदेशन केंद्र चालते, तिथे मी काम करते. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांचे जबाब, त्यांचे वैद्यकीय कागद आणि ज्या घर सोडून दुसरीकडे राहायला गेल्या आहेत त्यांचे नवे पत्ते, हे सगळे आम्ही एका एन्क्रिप्टेड, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात साठवणाऱ्या, पेनड्राइव्हवर ठेवतो. त्यावर आकड्यांची बारीक बटणे आहेत. सहा आकडी पिन दाबल्याशिवाय त्यातले काहीही संगणकाला दिसत नाही, आणि दहा वेळा पिन चुकला तर आतली माहिती नष्ट होते, असे त्याच्या खोक्यावर लिहिले होते. ‘एईएस-२५६, लष्करी दर्जाची सुरक्षा’ असेही त्यावर छापलेले होते आणि त्याच भरवशावर आम्ही तो घेतला.

मागच्या सोमवारी संध्याकाळी ठाण्याला उतरताना माझी पिशवी महिलांच्या डब्यातील रॅकवर राहून गेली. बुधवारी दुपारी स्थानकावरून फोन आला आणि पिशवी परत मिळाली. डबा, छत्री, केंद्राची डायरी, पाकिटातले पैसे, सगळे जागच्या जागी होते. पेनड्राइव्ह मात्र मी नेहमी आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवते, तो बाहेरच्या कप्प्यात सापडला. त्या दिवशी घाईत मीच तो तिथे टाकला असेल, पण तशी शपथ मी घेऊ शकत नाही.

साध्या चोराची मला भीती नाही. आमच्याकडील एका प्रकरणात सासरची मंडळी पैशाने भक्कम आहेत, आणि ‘तुमच्या फायली मिळवणे फार अवघड नाही’ असे त्यांच्यापैकी एकाने आमच्या केंद्रात उभे राहून सांगितलेले आहे. म्हणून माझा प्रश्न असा आहे की, एखाद्याने जिद्दीने, पैसे मोजून, जाणकार माणसे हाताशी धरून प्रयत्न केला, तर असे उपकरण प्रत्यक्षात किती टिकते? दोन दिवस पुरेसे असतात का? उघडले गेले असेल तर खूण राहते का? आणि आता पिन बदलला तर चालेल का? परत मिळाल्यापासून मी तो कुठेही लावलेला नाही.

दुरुस्ती कारागीर, लॅमिंग्टन रोड

ताई, तुम्ही तो लावला नाहीत हे फार चांगले केलेत. यापुढेही तो केंद्राच्या लॅपटॉपला लावू नका. पेनड्राइव्हच्या कंट्रोलरमधील, म्हणजे त्याचे काम चालवणाऱ्या चिपमधील, प्रोग्राम बदलून तो संगणकाला कीबोर्ड असल्याचे भासवू शकतो आणि स्वतःच आज्ञा टाइप करू शकतो, हे २०१४ मध्ये जाहीरपणे दाखवले गेले आहे. दोन दिवस परक्या हातात राहिलेल्या वस्तूबाबत एवढी सावधगिरी बाळगायलाच हवी.

लॅमिंग्टन रोडवर मी बावीस वर्षे डेटा रिकव्हरीचे काम करतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर चिखलाने भरलेल्या हार्ड डिस्क पोत्यांतून आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हापासून दर आठवड्याला कोणाची ना कोणाची डिस्क माझ्या टेबलावर उघडी असते. त्यामुळे मी जे सांगतो ते पुस्तकातून नव्हे, हाताखालून गेलेले आहे.

साध्या पेनड्राइव्हमध्ये एक कंट्रोलर चिप आणि एक मेमरी चिप असते. यूएसबीचे तोंड मोडलेले असले तरी गरम हवेने मेमरी चिप उचलून रीडरमध्ये बसवली की आतील माहिती बहुतेक वेळा निघते. तुमच्यासारख्या उपकरणातूनही मेमरी चिप तशीच उचलता येते, पण तिच्यातून जे बाहेर पडते तो अर्थहीन आकड्यांचा ढीग असतो. मागे एक गृहस्थ जळालेल्या बोर्डाची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आले होते. त्यात त्यांच्या दिवंगत वडिलांचे फोटो होते. पासवर्ड त्यांनी कधीच ठेवलेला नव्हता, तरीही ती डिस्क दुसऱ्या बोर्डावर चढवल्यावर एकही फोटो वाचता येईना, कारण माहिती बोर्डावरच एन्क्रिप्ट होऊन लिहिली जात होती आणि मालकाला त्याची कल्पनाच नव्हती. शेवटी जळालेल्या बोर्डावरची तांदळाच्या दाण्याएवढी चिप मी भिंगाखाली काढून नव्या बोर्डावर बसवली, तेव्हा फोटो उघडले. त्या दाण्यात किल्ली होती, म्हणजे सांकेतिक माहिती पुन्हा वाचता येईल अशी करणारा गुप्त आकडा. किल्ली नसती तर मीच काय, कोणीही काही करू शकले नसते. आणि ती कुठे ठेवली आहे हे कळल्यावर माझ्यासारख्या माणसाचे काम एका दुपारी झाले.

तुमच्या उपकरणाबाबतही नेमके हेच तपासायला हवे. कुलूप बंद असताना असे उपकरण आतील मेमरी यूएसबीवरून दाखवतच नाही. त्यामुळे ज्याला पिन ठाऊक नाही त्याला प्रत काढायची तरी कवच उघडावेच लागते. चांगल्या उपकरणात आतला बोर्ड इपॉक्सी या कडक गोंदात गाडलेला असतो, आणि ते खरवडले की खूण राहतेच. भर उजेडात, भिंग घेऊन कवचाचा सांधा सगळ्या बाजूंनी पाहा. पट्टी घालून उचकटल्याचा पांढरा ओरखडा, सांध्यातून डोकावणारा नवा गोंद, किंवा बटणांच्या रबराची एक कड वर आलेली दिसली, तर समजा की कोणी आत गेले होते.

बटणेही तिरप्या उजेडात पाहा. नेहमी दाबली जाणारी बटणे चकाकतात आणि त्यांवरचे आकडे पुसट होतात. सहा आकडी पिनच्या एकूण दहा लाख शक्यता असतात. पण पिनमध्ये नेमके चार वेगवेगळे आकडे आहेत आणि ते कोणते, हे नुसत्या झिजेवरून कळले, तर शक्यता १,५६० उरतात. दहा प्रयत्नांची मर्यादा खरोखर पाळली जात असेल तर १,५६० मधूनही अंदाजाने पिन लागणे कठीण आहे. ती मर्यादा चुकवता येत असेल तर मात्र एवढ्या शक्यता तपासायला संगणकाला क्षणही लागत नाही.

संगणकशास्त्राची शिक्षिका, विलेपार्ले

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यातील ‘मर्यादा खरोखर पाळली जात असेल तर’ या शब्दांपाशी मात्र थांबायला हवे, कारण गेल्या पंधरा वर्षांत अशी उपकरणे जिथे जिथे फुटली, तिथे एईएस हे माहिती सांकेतिक करण्याचे गणित एकदाही मोडले गेलेले नाही. एईएस-२५६ मध्ये संभाव्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे, आणि त्या एकेक करून तपासणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. जे मोडले ते नेहमी त्या गणिताभोवतीचे बांधकाम होते.

जर्मनीतील सिस या संगणक-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने २०१० च्या सुरुवातीला जे उघड केले ते मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बाटिम या तीन कंपन्यांच्या काही पेनड्राइव्हना अमेरिकी सरकारचे फिप्स १४०-२ हे सुरक्षेचे प्रमाणपत्र मिळालेले होते. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे पेनड्राइव्ह स्वतः तपासतच नव्हता; ते काम संगणकावरचा प्रोग्राम करायचा आणि पासवर्ड बरोबर निघाला की पेनड्राइव्हला ‘उघड’ असा संदेश पाठवायचा. पासवर्ड कोणताही असो, हा संदेश दर वेळी एकच असे. संशोधकांनी तो संदेश थेट पाठवला आणि कुलूप उघडले. प्रमाणपत्र खोटे नव्हते, परंतु दाराची चौकट भिंतीत बसवलेलीच नाही ही गोष्ट त्या तपासणीतून सुटून गेली होती.

पुढे २०१८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठातील संशोधकांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क, तपासल्या. त्यांतील काहींमध्ये माहितीची किल्ली आणि वापरणाऱ्याचा पासवर्ड यांचा गणिती संबंधच जोडलेला नव्हता, म्हणजे किल्ली पासवर्डाविनाही आतच उपलब्ध होती. गंभीर बाब ही की विंडोजमधील बिटलॉकर हा डिस्क एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम अशा डिस्कच्या स्वतःच्या एन्क्रिप्शनवर आपणहून विसंबत असे. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये बदलली. आणि २०२२ मध्ये त्याच सिस संस्थेने व्हर्बाटिमच्या, तुमच्यासारखीच बटणे असलेल्या एका पेनड्राइव्हचा अभ्यास प्रसिद्ध केला. वीस चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूपबंद होण्याचे त्याचे आश्वासन प्रत्यक्षात पाळले जात नव्हते, आणि आतील मेमरीची प्रत काढून पिन संगणकावर निवांत शोधता येत होता.

मर्यादा प्रामाणिकपणे पाळणारी उपकरणेही आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतील एका प्रोग्रामरचे ७,००२ बिटकॉइन आयर्नकी नावाच्या एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हमध्ये अडकले. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला आणि दहापैकी आठ प्रयत्न संपले, ही बातमी २०२१ मध्ये जगभर गाजली. मग २०२३ मध्ये सिएटलच्या एका कंपनीने त्याच पिढीच्या आयर्नकीची ही मर्यादा आपण ओलांडू शकतो असे पत्रकारांना दाखवून दिले. त्यासाठी प्रयोगशाळा, महागडी यंत्रे आणि महिन्यांची मेहनत लागली होती. म्हणून तुमच्या दोन दिवसांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: सदोष रचनेच्या उपकरणाला काही तास पुरतात. चांगल्या रचनेच्या उपकरणाला दोन दिवस बहुधा पुरणार नाहीत, पण त्या दोन दिवसांत कवच उघडून मेमरीची प्रत काढली असेल तर ती प्रत त्यांच्याकडे कायमची राहते, आणि पुढे कधीही दोष सापडला की ती उघडता येते.

यामुळेच आता पिन बदलून उपयोग नाही. माहितीची किल्ली उपकरणाने पहिल्याच दिवशी तयार केलेली असते. पिन केवळ त्या किल्लीवरचे वेष्टन असतो. नव्या पिनने वेष्टन बदलते, किल्ली तीच राहते. त्यांच्याकडे जुनी प्रत असेल तर तिच्यावर जुने वेष्टन आहे आणि ते जुन्या पिनने उघडेल.

पुढील व्यवस्थेसाठी मी व्हेराक्रिप्टसारखा, ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो असा, फायली एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम सुचवेन. पासवर्डपासून किल्ली बनवताना तो साधारणपणे ५ लाख वेळा तीच आकडेमोड करतो, त्यामुळे प्रत्येक चुकीचा अंदाज महाग पडतो. मात्र तिथे ‘दहा वेळा चुकला की संपले’ ही सोय नसते, म्हणून सहा आकडे अजिबात चालणार नाहीत. फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडले, तर शक्यतांची संख्या २४ अंकी होते आणि सहा शब्द माणसाच्या लक्षातही राहतात. असा पासवर्ड काय करतो त्याचे उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथील पोलिसांनी २००८ मध्ये बँकर डॅनियल डांतास यांच्या पाच हार्ड डिस्क जप्त केल्या. ब्राझीलच्या न्यायवैद्यक संस्थेने पाच महिने आणि अमेरिकेच्या एफबीआयने सुमारे वर्षभर प्रयत्न केले, तरी त्या उघडल्या नाहीत. त्यात व्हेराक्रिप्टचा पूर्वज असलेला ट्रूक्रिप्ट वापरलेला होता.

हे सगळे बंद असलेल्या डिस्कबद्दल झाले. लॅपटॉप चालू असताना किल्ली त्याच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, उघडी असते, आणि रॅमच्या चिप थंड करून वीज गेल्यानंतरही त्यातून किल्ली वाचता येते हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले आहे. झाकण मिटून लॅपटॉप झोपवू नका, पूर्ण बंद करा.

आपल्याला दोन गोष्टी विचारते. पिन काय होता हे इथे लिहू नका, पण तो कसा निवडला होता? आणि हीच माहिती आणखी कुठे आहे?

समुपदेशक, परळ

आपणा दोघांची उत्तरे मी दोनदा वाचली. कवच भिंगाने पाहिले. सांधा स्वच्छ आहे, ओरखडा दिसला नाही. बटणे तिरप्या उजेडात धरली तेव्हा चार बटणे आरशासारखी चकाकली. आठ महिन्यांत ती इतकी झिजली असतील हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

पिन म्हणजे आमच्या केंद्राच्या स्थापनेची तारीख होती. सगळ्या सहकाऱ्यांच्या लक्षात राहावी म्हणून ती ठेवली होती. ती दारावरच्या पाटीवर आहे, आणि त्याच पिशवीत असलेल्या डायरीच्या पहिल्या पानावरही छापलेली आहे. हे लिहिताना माझा हात थरथरतो आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, याच फायली केंद्राच्या लॅपटॉपवरही आहेत. त्यावर बिटलॉकर आहे, पण सुरू करताना तो काही विचारत नाही, थेट विंडोजच्या पासवर्डापाशी येतो. तो सुरू करून देणाऱ्या सहकारी दीड वर्षापूर्वी केंद्र सोडून गेल्या.

संगणकशास्त्राची शिक्षिका, विलेपार्ले

मोकळेपणाने लिहिलेत, त्यामुळे पुढचे ठरवणे सोपे झाले. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडल्यास कुलूप उघडणारी राखीव किल्ली, अनेकदा ज्याने लॅपटॉप सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. तुमच्या जुन्या सहकारी विश्वासू असतीलही, पण त्यांच्या खात्याचा पासवर्ड आज कोणाकोणाला ठाऊक आहे हे तुमच्या हातात नाही. शिवाय सुरू होताना काहीही न विचारणारा बिटलॉकर आपली किल्ली मदरबोर्डावरच्या टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपकडून घेतो. ही चिप वेगळी बसवलेली असेल, तर तिच्या तारांवरून जाणारी किल्ली टिपता येते. २०२४ मध्ये काहीशे रुपयांच्या राझबेरी पाय पिको या छोट्या सर्किट बोर्डाने एका जुन्या लॅपटॉपवर हे ४३ सेकंदांत करून दाखवले गेले. बिटलॉकर पूर्ण काढून, लॅपटॉप सुरू होण्यापूर्वीच पिन विचारला जाईल अशा रीतीने तो नव्याने बसवा, आणि नवी रिकव्हरी की कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

दुरुस्ती कारागीर, लॅमिंग्टन रोड

ताई, सांधा स्वच्छ असल्याचा मला आता दिलासा वाटत नाही, कारण पिन डायरीत छापलेला असताना कवच उघडायची गरजच कोणाला पडणार होती? पेनड्राइव्ह घेऊन या. इंटरनेटला न जोडलेल्या वेगळ्या मशीनवर, लिहिण्याची वाट बंद ठेवून आपण तो पाहू. तुम्ही फक्त विंडोज वापरत असाल आणि त्यात मॅकने आपणहून तयार केलेले लपलेले फोल्डर सापडले, किंवा कुठल्या फाइलवर सोमवार ते बुधवारच्या मधली वेळ दिसली, तर तो पुरावा होईल. काहीच सापडले नाही तर मात्र कोणी पाहिले नाही असे मी लिहून देणार नाही, कारण लिहिण्याची वाट बंद ठेवून वाचणे मला जसे जमते तसे ते त्यांच्या माणसालाही जमू शकते.

वकील, फोर्ट

तपासणीपूर्वी एक काम करावे. उपकरण ज्या स्थितीत मिळाले त्याचे फोटो, ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची तारीखवार नोंद आणि तपासणीत काढलेल्या प्रतीची हॅश व्हॅल्यू (प्रत नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) हे जपून ठेवावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासाठी ही नोंद लागेल. परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा कपटाने माहिती उघडणे किंवा तिची प्रत काढणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांकडे आजच लेखी तक्रार देऊन ठेवा. प्रतिपक्षाने उद्या न्यायालयात तुमच्या फायलीतला एखादा कागद पुढे केला, तर या तारखेला महत्त्व येईल.

दुसरी बाब वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याची. माहिती फुटल्यास ती ज्यांची आहे त्यांना कळवणे हे कर्तव्य त्या कायद्याने घालून दिले आहे. त्यातील कोणते कलम आज तुमच्या केंद्राला लागू आहे हा तपशील आपण नंतर पाहू. त्या स्त्रियांना कळवण्यासाठी मात्र तुम्ही कायद्याची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुपदेशक, परळ

वाट पाहत नाही. काल रात्री आम्ही तिघी बसलो आणि फायलींतील नोंदी कागदावरच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या. ज्यांचा बदललेला पत्ता पेनड्राइव्हमध्ये होता अशा अकरा जणी आहेत. पेनड्राइव्ह उघडला गेला होता, असेच धरून आम्ही चालणार आहोत. उद्या दुपारी तो घेऊन मी लॅमिंग्टन रोडवर येते, फोटो आज काढले आहेत, आणि पोलिसांना द्यायचा अर्ज तयार आहे.

अकरापैकी सात जणींना सकाळी अकरानंतर फोन करायचा, तोपर्यंत त्या कामावर पोहोचलेल्या असतात. तिघींचे फोन नंबर त्यांच्या माहेरच्यांकडे आहेत, तिथे केंद्राचे नाव न सांगता निरोप ठेवावा लागेल. उरलेल्या एकीचा फोन तिच्या हातात नसतो. ती कळव्याला राहते, मुलाला शाळेत सोडायला साडेसातला बाहेर पडते. मी सात वाजता शाळेच्या फाटकापाशी उभी राहणार आहे.